अधूनमधून बंद पडणारी जुनी गाडी : पंप बदलण्याआधी वायर तपासा

(नभोवाणीवरील शेतकरी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, येवला, जि. नाशिक)

कांद्याचं रोप, मक्यावरची लष्करी अळी, सोयाबीनची बीजप्रक्रिया असे विषय घेऊन मी आजवर आपल्याशी बोललो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्या दारात उभी असलेली जुनी पेट्रोलची मोटार किंवा व्हॅन, आणि तिच्या टाकीत बसवलेला विजेवर चालणारा पंप. आपण म्हणाल, शेतीखात्याच्या माणसानं मोटारीवर कशाला बोलावं? पण त्याच गाडीतून बियाणं येतं, दुधाचे कॅन जातात, टोमॅटोचे चार क्रेट जातात आणि रात्री-अपरात्री आजारी माणूसही त्याच गाडीतून दवाखान्यात न्यावा लागतो. गाडी ऐन वेळी दगा देते तेव्हा नुकसान मालाचंच होतं असं नाही.

मी मेकॅनिक नाही, बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस आहे. पण गेल्या वर्षी एका घरातला प्रसंग जवळून पाहिला आणि त्यातून जे शिकलो, ते सांगतो.

पोळ्याच्या आदल्या रात्री

नगरसूल बाजूच्या एका वस्तीवरचे शेतकरी, त्यांना आपण अण्णा म्हणू. त्यांच्याकडे जुनी पेट्रोलची व्हॅन. वर्षभरापासून ती अधूनमधून बंद पडायची. कधी बाजारातून येताना, कधी खड्ड्यात चाक आदळल्यावर, कधी काहीच कारण नसताना. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. गॅरेजमध्ये नेली की एकदम शहाणी, एका सेल्फमध्ये चालू. पहिल्यांदा फिल्टर बदलला. मग टाकीतला पंप बदलला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, म्हणून पंप दुसऱ्यांदा बदलला. कित्येक हजार रुपये गेले, दोष मात्र जागेवरच.

पोळ्याच्या आदल्या रात्री सुनेला कळा सुरू झाल्या. पाऊस लागलेला. सुनेला मागच्या सीटवर निजवून अण्णा येवल्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत इंजिन बंद पडलं. सेल्फ फिरतो आहे, इंजिन काही पकडत नाही. त्या काळोखात अर्धा तास गेला. शेवटी शेजारच्या वस्तीवरचा पिकअप बोलावला तेव्हा ती माउली दवाखान्यात पोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप, ही देवाची कृपा. सकाळी अण्णा व्हॅन आणायला गेले, तर चावी फिरवताच चालू! दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साहेब, बैल आजारी असला तर बसून तरी राहतो. ही गाडी सोंग करते."

गाडी सोंग करत नाही. तिला एक दिवसाआड येणाऱ्या तापासारखा रोग झालेला असतो. ताप नसताना डॉक्टरकडे गेलं तर नाडी ठीकच लागणार. म्हणून हा रोग ताप असतानाच पकडावा लागतो. आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट हीच आहे.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखा

सगळ्याच गाड्यांत विजेचा पंप नसतो. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. तिच्या आणि त्या काळातल्या इतर पेट्रोल गाड्यांच्या जुन्या मॉडेलमध्ये कार्बोरेटर असायचा. त्यात पेट्रोल ओढणारा पंप इंजिनावरच बसवलेला, पडद्याचा. इंजिन फिरलं की तो चालतो, त्याला वीज लागत नाही. अशा गाडीला आजचं बोलणं लागू नाही.

पुढे, साधारण २००० सालापासून, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनच्या गाड्या आल्या. यात टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला छोटा विजेचा पंप असतो. आपल्या बोअरमधल्या सबमर्सिबलसारखाच. सबमर्सिबल पाण्यानं थंड राहतो, हा पेट्रोलनं थंड राहतो. हा पंप सुमारे ३ किलोच्या दाबानं पेट्रोल पुढे ढकलतो. पंप थांबला की इंजिन थांबलं.

जुने ट्रॅक्टर आणि जीप डिझेलवर चालतात. त्यांची रचना निराळी असल्यामुळे त्यांचा विषय आज घेत नाही.

पंपापर्यंत वीज कशी पोचते?

हा रस्ता समजला की निम्मं काम झालं. बॅटरीतून १२ व्होल्टची वीज निघते. ती फ्यूजमधून जाते. तिथून रिलेमध्ये येते. रिले म्हणजे आपल्या मोटरच्या स्टार्टरचं छोटं भावंडं. स्टार्टरमध्ये कॉइल ओढली की मोठे पॉइंट जुळतात, तसंच रिलेत होतं. रिलेला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर. रिलेतून वीज लांब वायरीनं मागे टाकीकडे जाते, कपलरमधून पंपात शिरते आणि काळ्या वायरीनं बाहेर पडून गाडीच्या पत्र्यावर, म्हणजे अर्थिंगवर येते. पत्र्यातून ती बॅटरीच्या वजा टोकाला परत पोचते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जाण्याचा रस्ता जितका महत्त्वाचा, तितकाच परतीचा. चारीचं तोंड उघडं आहे पण पुढे शेवटाला बांध फुटत नाही, अशी स्थिती झाली तर पाणी वाहत नाही. विजेचंही तसंच.

बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत चावी 'ऑन'वर आणताच, सेल्फ न मारता, पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. टाकीकडून भुंग्यासारखा बारीक आवाज येतो. इंजिन फिरू लागलं की कॉम्प्युटर पंप पुन्हा चालू करतो. इंजिन बंद पडलं की क्षण-दोन क्षणांत तो पंपही बंद करतो. अपघात झाला तर पेट्रोल उडत राहू नये म्हणून ही सोय केलेली असते.

आपली गाडी ठणठणीत असताना आजच एकदा हा आवाज कान देऊन ऐकून ठेवा. निरोगी बैलाचा श्वास ज्याला माहीत नाही, त्याला धाप कशी ओळखू येणार?

मीटर खोटं का बोलतो?

विहिरीवरचा अनुभव आठवा. मोटर बंद असताना पॅनलवरचं व्होल्टेज पूर्ण दिसतं. मोटर चालू केली की काटा धाडकन खाली येतो, मोटर गुणगुणते पण उचलत नाही. दोष कुठे असतो? एखाद्या जळक्या जोडात. बिनकामाच्या वेळी तो जोड चांगला दिसतो, काम पडलं की उघडा पडतो.

गाडीतही हेच होतं. पंपाची वायर काढून मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, की पुष्कळ जण म्हणतात, "वीज बरोबर आहे, पंप गेला." इथेच फसगत होते. वायरीचे वीस तंतू तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवेल, कारण मीटर वीज ओढतच नाही. पंप मात्र साधारण ५ अँपिअर ओढतो. गंजलेल्या जोडात अर्धा ओहम अडथळा असला, तर ५ अँपिअरला तिथेच अडीच व्होल्ट गळतात. बाराचे साडेनऊ उरले. पंप मंदावला, इंजिन झटके देऊ लागलं. तोच जोड खड्ड्यात हलला किंवा तापून सैल झाला की वीज तुटली. थंड झाला, टेकला, पुन्हा चालू.

म्हणून नियम असा : व्होल्टेज पंप चालू असताना मोजावं, आणि पंप जोडलेलाच ठेवून मोजावं.

बंद पडल्यावर तिथल्या तिथे काय पाहावं?

गाडी बंद पडली की प्रथम ती रस्त्याच्या कडेला घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा, माणसं रस्त्यावरून बाजूला उभी करा. मग घाई न करता पुढील गोष्टी क्रमानं पाहा.

१. चावी बंद करून पुन्हा 'ऑन' करा. एकानं मागे टाकीजवळ कान द्यावा. दोन-तीन सेकंद गूं आवाज येतो का?

२. आवाज येत नाही : फ्यूज, रिले, वायर, अर्थिंग किंवा खुद्द पंप, यांपैकी काहीतरी आहे.

३. आवाज येतो, सेल्फही जोरात फिरतो, तरी इंजिन पकडत नाही : पंपाच्या विजेवर आळ घेण्याआधी इतर गोष्टी पाहाव्या लागतील. स्पार्क नसेल, फिल्टर तुंबला असेल, किंवा इंजिन फिरतं आहे हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर तापून बंद पडला असेल. तो सेन्सर गेला की कॉम्प्युटर पंपाला पुढचा हुकूमच देत नाही. पंप निर्दोष असूनही बंद राहतो.

४. सेल्फच फिरत नाही : आधी बॅटरी आणि तिची टोकं पाहा. पांढरट-निळसर बुरशीसारखा थर साचला असेल तर पंपाचा विचार नंतर.

५. फ्यूज काढून पाहा. तो जळलेला नसला तरी त्याची बैठक सैल आहे का, प्लॅस्टिक वितळलं आहे का, तेही पाहा. रिले बोटानं दाबून पाहा. त्याच डब्यात तेच छापील नंबर आणि तेवढेच पाय असलेला दुसरा रिले असेल, तर चावी बंद करून अदलाबदल करा. त्यानं गाडी चालू झाली तर दोष बहुधा रिलेत किंवा त्याच्या बैठकीत आहे.

६. आवाज येत नसेल तर एकानं सेल्फ मारावा आणि दुसऱ्यानं टाकीच्या बुडाला तळव्यानं किंवा चपलेनं हलके दोन-चार फटके द्यावेत. गाडी धक्क्यानं पुढे सरकण्याचा धोका असतो, म्हणून हँडब्रेक लावा, गिअर काढा आणि गाडीखाली शिरू नका. फटक्यानं पंप चालू झाला तर त्याचे कार्बन ब्रश झिजले असावेत, किंवा त्याच्याजवळचा जोड लूज असावा. अशी गाडी थेट गॅरेजला न्यावी. "फटका मारला की चालते" यावर दिवस काढू नयेत.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. नाहीतर पंपाचा दोष राहील बाजूला आणि बॅटरीच बसेल.

साक्षीदार दिवा

आता अण्णांच्या गाडीचा दोष कसा सापडला ते सांगतो. येवल्यातल्या एका जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियननं अगदी साधी युक्ती केली. नंबरप्लेटवर असतो तसा १२ व्होल्टचा, ५ वॅटचा छोटा दिवा घेतला. टाकीच्या बाहेर, कपलरपाशी पंपाला वीज नेणाऱ्या वायरीतून एक बारीक वायर काढली, तिच्या सुरुवातीलाच छोटा फ्यूज घातला आणि ती पुढे डॅशबोर्डापर्यंत आणून दिव्याला जोडली. दिव्याचं दुसरं टोक डॅशबोर्डाजवळ पत्र्याच्या स्वच्छ बोल्टला लावलं. पंप जोडलेला तसाच ठेवला. म्हणजे पंपाला वीज मिळाली की दिवा लागणार, वीज पडली की मंद होणार, तुटली की विझणार. तारेचा दिवाच वापरावा. एलईडी थोड्या विजेवरही उजळ दिसतो, त्यामुळे मंद झालेलं कळत नाही.

मग अण्णांना सांगितलं, "गाडी नेहमीसारखी वापरा. दिव्याकडे सोबतच्या माणसानं बघायचं, तुम्ही रस्त्याकडे." दिव्याची साक्ष अशी वाचायची :

• दिवा आधी मंद झाला किंवा लुकलुकला आणि मग इंजिन अडखळलं : दोष विजेच्या जाण्याच्या रस्त्यात. फ्यूजची बैठक, रिले, चावीचा स्विच, कपलर किंवा मधली वायर.

• इंजिन आधी बंद पडलं आणि दिवा त्यानंतर विझला : यावरून एकदम निष्कर्ष काढू नका, कारण इंजिन थांबलं की कॉम्प्युटर पंप बंद करतोच. आता चावी बंद करून पुन्हा 'ऑन' करा आणि नंतर सेल्फ मारा. दोन्ही वेळा दिव्याकडे पाहा.

• चावी 'ऑन' केल्यावर दोन सेकंद दिवा लागतो, पण सेल्फ फिरताना लागत नाही : हुकूमच येत नाही. सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरीकडे पाहा.

• दोन्ही वेळा दिवा लागतच नाही : फ्यूज, रिले, चावीचा स्विच, वायर.

• दोन्ही वेळा दिवा लखलखीत लागतो आणि पंप मात्र गप्प : वीज पंपाच्या दारापर्यंत पोचली आहे. दोष पंपात, त्याच्या आतल्या जोडात किंवा परतीच्या अर्थिंगमध्ये.

तीन दिवस गाडी मुकाट चालली. चौथ्या दिवशी, गणपतीच्या सामानाला येवल्यात आलेले अण्णा परत जाताना एका खड्ड्यात गाडी आदळली आणि इंजिन गेलं. अण्णांच्या मुलानं सेल्फ मारायला लावून दिवा पाहिला. दिवा लखलखीत, टाकीकडे शांतता. त्यानं फोन केला. इलेक्ट्रिशियन मोटारसायकलवर पोचेपर्यंत गाडी पुन्हा चालू झालेली होती, पण आता साक्ष हाती होती. पंप तर नवा. मग राहिलं अर्थिंग.

इंजिन चालू ठेवून मीटरची एक तार पंपाच्या काळ्या वायरीला आणि दुसरी पत्र्याच्या स्वच्छ जागी लावली. इथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. आला दीड व्होल्ट. काळी वायर हातानं हलवताच आकडा नवावर गेला आणि इंजिन अडखळलं. सापडला चोर! गाडीच्या मागच्या भागात ती वायर एका स्क्रूनं पत्र्यावर बसवलेली होती. स्क्रूखाली चिखल, त्याखाली गंज. पंप दोनदा बदलला गेला, पण त्या स्क्रूकडे कुणी पाहिलं नव्हतं. बॅटरीची वायर काढून जागा पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासली, वायरीला नवा गोल लग दाबला, नवा बोल्ट आणि वॉशर कसला, वरून ग्रीस लावलं. सामानाचा खर्च शंभराच्या आत. त्यानंतर गाडी या कारणानं बंद पडलेली नाही.

मोजमापाचे आकडे

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर त्याला हे तीन आकडे घ्यायला सांगा. इंजिन चालू, पंप जोडलेला :

१. बॅटरीच्या दोन टोकांत : साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट.

२. बॅटरीचं अधिक टोक आणि पंपाची वीज नेणारी वायर यांच्यामध्ये : अर्ध्या व्होल्टच्या आत.

३. पंपाची काळी वायर आणि बॅटरीचं वजा टोक यांच्यामध्ये : ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी.

दुसरा आकडा जास्त आला तर जाण्याच्या रस्त्यात, तिसरा जास्त आला तर परतीच्या रस्त्यात अडथळा आहे. मीटर लावलेला ठेवून वायर, कपलर, रिले एकेक करून हलवावा. ज्याला हात लावल्यावर आकडा उडी मारतो, तो जोड दोषी. काही गाड्यांत पंपाचा वेग मुद्दाम कमी-जास्त केला जातो, त्यांचे आकडे वेगळे येतात. अशा वेळी गाडीच्या पुस्तकाप्रमाणे जावं.

हे तीनही आकडे ठीक असतील आणि पंप तरीही अडखळत असेल, तरच नवा पंप घ्या. जुन्या पंपाचे ब्रश झिजतात, गाळानं तो जड होतो, तापल्यावर थांबतो आणि थंड झाल्यावर चालतो, हेही खरं आहे. पण तो निकाल शेवटी द्यायचा, आधी नव्हे.

आपल्याकडे दोष कुठे लपतात?

आपल्या भागातल्या गाड्यांत काही जागा आधी पाहाव्यात. पहिली, मागच्या भागातलं अर्थिंग आणि टाकीजवळचा कपलर. शेतरस्त्याचा चिखल तिथेच बसतो. दुसरी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. गाडी कांदाचाळीजवळ किंवा मक्याच्या गोणींशेजारी उभी राहत असेल तर सीटखालची वायरिंग दर महिन्याला पाहा. तिसरी, मागाहून बसवलेले अलार्म आणि सेंट्रल लॉक. पिळून वर टेप गुंडाळलेला जोड चार पावसाळ्यांत काळा पडतो. चौथी, चावीचा स्विच. चावीला घराच्या, चाळीच्या, मोटर-पेटीच्या मिळून दहा किल्ल्यांचा जुडगा लटकत असला तर धक्क्यानं स्विच आतून सैल होतो. पाचवी, गॅस किट. किट बसवताना पंपाच्या वायरीत जादा रिले आणि जोड घातलेले असतात. दोष तिथेही निघतो.

गॅसवर चालणाऱ्या गाडीबद्दल आणखी एक. "गॅसवर तर चालते" म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. कोरडा पंप फिरला की सबमर्सिबल जसा जळतो तसा तोही जळतो. कोणत्याही गाडीत टाकी पावपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

फिल्टरकडेही लक्ष हवं. तो तुंबला की पंपाला जास्त जोर लावावा लागतो, तो जास्त वीज ओढतो आणि कपलर, रिले तापतात. २०२५ सालापासून आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ऊस आणि मका यांपासून ते तयार होत असल्यानं तो आपल्याच शेतातला माल. पण इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील वरचेवर तपासून घ्याव्यात. वास आला, ओल दिसली तर लगेच बदलावेत. गाडी महिनोन्‌महिने त्याच पेट्रोलवर उभी ठेवू नये.

या चुका करू नका

फ्यूज जळाला म्हणून त्याच्या जागी तार बांधू नका. विहिरीवरच्या किटकॅटमध्ये जाड तार घातली की मोटर जळते. इथे जळेल ती पेट्रोलची गाडी. जितक्या अँपिअरचा फ्यूज लिहिलेला असेल तितकाच घाला. तो पुन्हा जळत असेल तर दोष शोधा.

पंपाला बॅटरीवरून कायमची "डायरेक्ट" वायर देऊ नका. अडलेल्या माणसाला हा उपाय सोपा वाटतो. पण मग इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहतो. गाडी उलटली, नळी फुटली, तर पेट्रोल उडतच राहील. घरच्या माणसांना बसवून अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

टाकीचं झाकण काढून पंप बाहेर काढायचं काम घरी करू नका. नळीत दाबाचं पेट्रोल असतं. आधी तो दाब उतरवावा लागतो आणि बॅटरी सोडवावी लागते. वायर पत्र्यावर घासून ठिणगी पाहण्याची सवय टाकीजवळ तर मुळीच नको. बिडी-काडी लांब, गाडी मोकळ्या हवेत, चाऱ्याच्या गंजीपासून दूर.

एक छोटी वही

गाडीत एक वही ठेवा. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, किती किलोमीटर चालल्यावर, ऊन होतं की पाऊस, खड्डा होता का, टाकीत पेट्रोल किती, गूं आवाज आला का, किती वेळानं चालू झाली, एवढं लिहा. पाच-सहा नोंदी झाल्या की रोगाची पाळी कळते. तापल्यावरच बंद पडते तर पंप, रिले किंवा सेन्सर. खड्ड्यातच बंद पडते तर लूज जोड. टाकी खाली गेल्यावरच बंद पडते तर पंप तापतो आहे किंवा पेट्रोल ओढत नाही. हा अंदाज झाला, निकाल नव्हे. पण ही वही मेकॅनिकपुढे ठेवलीत तर तो अंधारात हात मारणार नाही आणि तुमचे पैसेही वाचतील. त्याला नम्रपणे एवढंच सांगा, "भाऊ, नवा पंप घालण्याआधी पंप चालू असताना दोन्ही बाजूंचं व्होल्टेज मला दाखवा." चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. चावी 'ऑन' केल्यावरचा पंपाचा आवाज ओळखून ठेवा.
२. दोष असतानाच तपासा. तसं जमत नसेल तर साक्षीदार दिवा लावून घ्या.
३. व्होल्टेज पंप जोडलेला आणि चालू असताना मोजा.
४. अर्थिंग आधी, फ्यूज-रिले-कपलर नंतर, पंप सगळ्यांत शेवटी.
५. फ्यूजच्या जागी तार नको, पंपाला डायरेक्ट वायर नको.
६. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बॅटरीची टोकं व अर्थिंगचे बोल्ट घासून, कसून घ्या.

आणि शेवटचं सांगणं. गाडीत अधूनमधून येणारा दोष आहे हे माहीत असेल, तर तो दूर होईपर्यंत त्या गाडीवर जिवाचा भार टाकू नका. घरात दिवस भरलेली बाई असेल, म्हातारं माणूस असेल, तर १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला लवकर बोलवा. शेजारच्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवा. पोळ्याच्या आदल्या रात्री अण्णांच्या घरावरचं संकट टळलं. एका गंजलेल्या स्क्रूसाठी पुन्हा कुणाच्या घरावर अशी रात्र येऊ नये, म्हणून आज हे सगळं सांगितलं.

येत्या रविवारी सकाळी अर्धा तास काढा. चावी 'ऑन' करून आवाज ऐका, बॅटरीची टोकं पाहा, आणि मागच्या भागातली ती काळी वायर कुठे बसली आहे ते इलेक्ट्रिशियनकडून दाखवून घ्या.